पॅरिशच्या पेटींतील पूर्वज

तर्पणास बसलेला गृहस्थ पिता, पितामह व प्रपितामह ह्यांचीं नांवें बिनचूक उच्चारतो. मातामहाकडील तीन नांवेंही त्याला मुखोद्गत असतात. परंतु प्रपितामहाचा पिता कोण, असें कोणीं विचारलें तर तोच गृहस्थ घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे पाहूं लागतो. जिज्ञासा अधिक असली तर तो नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडवितो, आणि तेथें खापरपणजोबांच्या हातचा मजकूर पाहून कृतार्थ होतो. इंग्लंडांत तीर्थोपाध्याय नाहींत, श्राद्ध नाहीं आणि गोत्रप्रवरांचा उच्चारही नाहीं. मग तेथील एखाद्या खेड्यांतल्या विणकराच्या किंवा शेतमजुराच्या वंशजाला आपल्या मूळ पुरुषाचा पत्ता कसा लागत असेल?

तो लागतो, आणि पुष्कळदां आपल्यापेक्षां अधिक दूरवर लागतो. ज्या घराण्यांत कधीं कोणी जहागीर मिळविली नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं किंवा तरवार गाजविली नाहीं, त्यांनाही तीनशें-चारशें वर्षें मागें जातां येतें. ज्या पुस्तकांच्या आधारानें हें घडतें, तीं मात्र कोणाच्याही कुलाभिमानासाठीं लिहिलेलीं नाहींत. किंबहुना म्हणूनच तीं विश्वसनीय आहेत, असें माझें मत आहे.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व त्याच्या धर्मोपदेशकाच्या कक्षेंतील टापू. ग्रामीण भागांत बहुधा एक गांव व त्याच्या वाड्या मिळून एक पॅरिश होई. साऱ्या देशांत अशा सुमारें दहा हजार पॅरिशी होत्या. १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉम्वेल ह्यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशींत एक वही ठेवावी. तींत आठवड्यांतले बाप्तिस्मे, विवाह व दफनें दर रविवारीं वॉर्डन म्हणजे चर्चचे कारभारी ह्यांच्या समक्ष नोंदावीं. वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवून एक किल्ली धर्मोपदेशकानें व दुसरी वॉर्डनांनीं बाळगावी. आणि हयगय झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड भरावा. गांवोगांव कुजबुज सुरू झाली कीं, ही नव्या कराची पूर्वतयारी आहे. दोनच वर्षांनीं राजाची मर्जी फिरून क्रॉम्वेलचा शिरच्छेद झाला. त्याची वही मात्र टिकली. लोकांची शंका अगदींच वेडगळ होती असेंही नाहीं, कारण पुढें १७८३ त प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर खरोखरच बसला आणि तो १७९४ पर्यंत चालला. निर्धनांना त्यांतून सूट असल्यामुळें त्या अकरा वर्षांतल्या कित्येक नोंदींपुढें दारिद्र्यदर्शक असें ‘पी’ हें अक्षर आढळतें. आतां पूर्वज खरोखरच दरिद्री होता कीं तीन पेन्स वांचवीत होता, हें ज्याचें त्यानें ठरवावें!

पहिल्या वह्या कागदी होत्या व त्यांची वाताहत होऊं लागली. म्हणून एलिझाबेथ राणीच्या अमदानींत, १५९८ च्या सुमारास, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्याव्या आणि दर वर्षाच्या नोंदींची एक नक्कल बिशपाकडे पाठवावी असें ठरलें. हुकुमांत शब्द असे पडले कीं, आरंभापासून, परंतु विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासून नकला कराव्या. ‘विशेषतः’ ह्या शब्दाचा जो अर्थ कंटाळलेला विद्यार्थी करील तोच अनेक धर्मोपदेशकांनीं केला, आणि मागचीं वीस वर्षें सोडून दिलीं. आज कितीतरी गांवांच्या नोंदी नेमक्या १५५८ पासून सुरू होतात त्याचें कारण हें. शेक्सपियरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ची सुप्रसिद्ध नोंद अशाच नकलेंत आहे. तींत बापाचें नांव आहे, आईचें नाहीं. आणि जन्मतिथि तर नाहींच. तेवीस एप्रिल हा दिवस परंपरेनें मानलेला आहे.

ह्या वाटेनें जाणाऱ्याचा पहिला नियम असा कीं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें. एखाद्या थोर पुरुषाला आधीं मूळ पुरुष ठरवून त्याच्यापासून खालीं आपल्यापर्यंत येण्याचा मोह सर्व देशांत सारखाच आहे, आणि खोट्या वंशावळी त्यांतूनच निपजतात. शोधकानें आपल्या आजापासून आरंभ करावा. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. १८५१ च्या खानेसुमारींत प्रत्येक माणसापुढें त्याच्या जन्माची पॅरिश लिहिलेली आहे. त्या एका शब्दानें शोधकाला गांवची वाट सांपडते. १८१३ पासूनच्या वह्या छापील रकान्यांच्या असून त्यांत बाप्तिस्म्यापुढें मातापित्यांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण व बापाचा धंदा, आणि दफनापुढें वय मिळतें. त्याच्या मागें मात्र बहुधा एकेकच ओळ असते.

विवाहाच्या वह्यांविषयीं थोडें थांबून लिहिलें पाहिजे. १७५४ त अमलांत आलेल्या कायद्यानें वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या आवश्यक झाल्या. ज्यांना लिहितां येत नसे ते फुली काढीत. ह्या सह्या व फुल्या मोजून विद्वानांनीं असें दाखविलें आहे कीं, अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारें साठ टक्के वर सही करीत. वधूंमध्यें हें प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही आंत होतें. ज्यानें उभा जन्म मुलांचे हात धरून अक्षरें गिरवून घेतलीं, त्याला त्या फुल्यांवरून पुढें जाववत नाहीं. कोठें वराची ठसठशीत सही आणि खालीं वधूची कांपरी फुली. कोठें ह्याच्या उलट.

मार्गांत खळगेही आहेत. जुन्या इंग्लंडांत वर्ष पंचवीस मार्चला बदलत असे. जानेवारीचा प्रारंभ १७५२ पासूनचा. त्यामुळें एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा मे १६४० त व दफन फेब्रुवारी १६४० त लिहिलेलें आढळलें तर तें मूल जन्मण्यापूर्वी वारलें असें समजूं नये. आजच्या हिशेबानें तो फेब्रुवारी १६४१ चा होय. आपल्याकडे शकाचें वर्ष चैत्रांत आणि गुजराथेंत विक्रम संवत् कार्तिकांत बदलतो हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्यांत गोंधळ वाटणार नाहीं. त्याच १७५२ सालीं पंचांग सुधारण्यासाठीं दोन सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसाला चौदा सप्टेंबर म्हणण्यांत आलें. म्हणजे मधले अकरा दिवस कोणी जन्मला नाहीं कीं कोणी मेला नाहीं. दुसरी अडचण भाषेची. १७३३ पर्यंत पुष्कळशा नोंदी लॅटिन भाषेंत आहेत. विल्यमचा तेथें गुलिएल्मुस होतो व जेम्सचा याकोबुस. परंतु संस्कृत शिकलेल्या माणसाला ह्या भाषेंत परकेपणा वाटत नाहीं. पितृ व मातृ ह्यांचीं भावंडें ‘पातेर’ व ‘मातेर’ तेथें भेटतातच. आणि एखाद्या अपरिचित गांवच्या दफनांच्या यादींत ‘विदुआ’ हा शब्द आला म्हणजे ती आपलीच ‘विधवा’ असल्याचें ध्यानीं येऊन मन क्षणभर स्तब्ध होतें.

तिसरा खळगा नांवांचा. आणि त्यासाठीं एक प्रसिद्ध उदाहरणच घेतों. अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन ह्याला आपल्या आजाच्या पलीकडचें कुल ठाऊक नव्हतें. १८४८ त मॅसॅच्युसेट्समधील हिंगम गांवच्या सॉलोमन लिंकन नांवाच्या गृहस्थानें त्याला पत्रानें कुलवृत्त विचारलें, तेव्हां त्यानें कळविलें कीं, बापाचें नांव टॉमस, आजाचें अब्राहम, आजा व्हर्जिनियांतून आलेला. त्यापूर्वीं घराणें पेन्सिल्व्हेनियांत होतें अशी अस्पष्ट दंतकथा आहे, एवढेंच. अकरा वर्षांनीं लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तांत त्यानें म्हटलें आहे कीं, न्यू इंग्लंडांतील लिंकनांशीं नातें जुळविण्याचा प्रयत्न झाला, पण मॉर्देकाय, सॉलोमन, अब्राहम अशीं नांवें दोन्हीं घराण्यांत सारखीं येतात ह्याखेरीज कांहीं निष्पन्न झालें नाहीं.

जें त्याला निष्फळ वाटलें तोच खरा धागा होता! नातवाला आजाचें नांव ठेवण्याची चाल ज्यांच्या घरीं आहे त्या आपल्या वाचकांच्या हें चटकन् लक्षांत येईल. पुढें संशोधकांनीं अमेरिकेंतील खरेदीखतें, मृत्युपत्रें व गांवनोंदी जुळवून एकेक पायरी पक्की केली. अध्यक्षाचा बाप टॉमस, त्याचा बाप अब्राहम, त्याचा जॉन, त्याचा मॉर्देकाय, त्याचाही बाप मॉर्देकाय, आणि त्याचा बाप सॅम्युएल. हा सॅम्युएल मॅसॅच्युसेट्समधील हिंगमचा विणकर होता. आणि ती वसाहत ज्यांनीं वसविली ते मुख्यतः इंग्लंडांतील नॉर्फक परगण्यांतल्या हिंगम गांवचेच लोक होते. आपलें धर्मपीठ व बिशप ह्यांच्याशीं त्यांचें पटलें नाहीं. त्यांचा धर्मोपदेशक रॉबर्ट पेक हाही १६३८ त समुद्र ओलांडून त्यांच्यामागें गेला.

आतां नॉर्फकमधील हिंगमची वही उघडली. तींत एडवर्ड लिंकनचा पुत्र सॅम्युएल ह्याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ रोजीं झाल्याची नोंद आहे. कोणीही म्हणेल कीं शोध संपला. परंतु १६३७ च्या एप्रिलांत यार्मथ बंदरांत न्यू इंग्लंडला जाणाऱ्या लोकांची जी जबानी झाली, तींत फ्रान्सिस लॉझ ह्या नॉरिचच्या विणकराबरोबर त्याचा नोकर म्हणून ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय अठरा’ असें लिहिलें आहे. बाप्तिस्म्यावरून मोजलें तर तो त्या वेळीं पंधराही पुरा नव्हता. मुलानें परवानगी मिळावी म्हणून वय वाढवून सांगितलें, कीं लहानपणीं बाप्तिस्म्याला उशीर झाला, कीं हा सॅम्युएल दुसराच? नांव एवढ्याच पुराव्यावर निर्णय करणारा येथें अडखळतो. शिवाय ‘लिंकॉर्न’ ही लेखकाच्या कानाला जसें ऐकूं आलें तशी लिहिलेली अक्षरें. त्या काळीं एकाच माणसाचें आडनांव एकाच पानावर दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें.

तिकडच्या नव्या हिंगमांत तर टॉमस लिंकन नांवाचे एकाच वेळीं चौघे होते. लोक त्यांना विणकर टॉमस, गिरणीवाला टॉमस, पिपें बांधणारा टॉमस व शेतकरी टॉमस असें म्हणत. त्यांपैकीं विणकर टॉमस हा सॅम्युएलचा भाऊ. त्यानें मरतांना आपली मालमत्ता सॅम्युएलला दिली, आणि त्या मृत्युपत्रामुळें नातें सिद्ध होण्यास बळकटी आली. १९०९ त ली व हचिन्सन ह्या दोघांनीं लिंकनच्या पूर्वजांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत इंग्लंडांतल्या वह्यांइतकाच भर मृत्युपत्रांवर आहे. त्यांतून निघालेली कथा आपल्या एकत्र कुटुंबांना परकी वाटणार नाहीं. सॅम्युएलचा आजा रिचर्ड हा बऱ्यापैकीं जमीनदार होता. त्यानें चार लग्नें केलीं, आणि १६२० च्या सुमारास मरतांना मालमत्तेचा मोठा भाग शेवटच्या पत्नीच्या मुलांकडे वळविला. पहिल्या पत्नीचा वडील मुलगा एडवर्ड ह्याच्या वांट्याला फारसें कांहीं आलें नाहीं. म्हणून जमीनदाराचा नातू विणकराच्या मागापाशीं बसला, आणि मागावरून उठून अमेरिकेस गेला. बाप्तिस्म्याच्या एका ओळींत ह्यांतलें एक अक्षरही नाहीं. वही नांव देते. माणूस मात्र बाहेरच्या कागदांतून गोळा करावा लागतो.

हिंगमच्या चर्चमध्यें १९१९ त अब्राहम लिंकनचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. दवडलेल्या मुलाच्या वंशजाचा पुतळा गांवानें तीनशें वर्षांनीं देवळांत ठेवावा, हा योग विलक्षण खरा.

आपण समजतों कीं, जुन्या काळचा खेडूत जेथें जन्मला तेथेंच मेला. निदान इंग्लंडविषयीं तरी ही समजूत खोटी ठरली आहे. नॉटिंगहॅमशायरांतील क्लेवर्थ गांवचा रेक्टर विल्यम सॅम्पसन ह्यानें १६७६ त व पुनः १६८८ त गांवांतल्या प्रत्येक घरच्या माणसांची यादी केली होती. पीटर लॅस्लेट ह्या केंब्रिजच्या इतिहासकारानें त्या दोन्हीं याद्या ताडून पाहिल्या, तों पहिल्या यादींतले सुमारें साठ टक्के लोक बारा वर्षांत गांवांतून नाहींसे झालेले! कांहीं वारले, पण बरेच दुसरीकडे गेले. विशेषतः चाकरीची मुलेंमुली वर्षा-दोन वर्षांनीं धनी बदलीत. म्हणून एका गांवच्या वहींत माणूस एकाएकीं दिसेनासा झाला तर चोहोंकडच्या पांच-सात गांवांच्या वह्या पाहाव्या, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो.

आणि येथेंच पेटींतील दुसरे कागद उपयोगी पडतात. गरिबांच्या पोषणाचा भार १६०१ च्या कायद्यानें त्या त्या पॅरिशीवर होता. त्यासाठीं घरोघर पट्टी बसे. साहजिकच प्रत्येक गांव दुसऱ्याचा भिकारी आपल्या गळ्यांत पडूं नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसे. १६६२ च्या कायद्यानें परगांवचा गरीब मनुष्य चाळीस दिवसांच्या आंत त्याच्या हक्काच्या पॅरिशींत परत पाठवितां येऊं लागला. हा हक्क जन्मानें, उमेदवारीनें किंवा अविवाहितपणीं पुरें एक वर्ष चाकरी केल्यानें मिळे. आणि आपल्याकडे विवाहानें गोत्र बदलतें तसा तेथें स्त्रीचा हक्क नवऱ्याच्या पॅरिशींत जाई. हक्क ठरविण्यासाठीं न्यायाधीशांपुढें त्या गरिबाची जबानी घेत: जन्म कोठें झाला, बाप कोठला, कोणाकडे किती वर्षें चाकरी केली, लग्न कधीं झालें, मुलें किती. ज्याला स्वतःला सही येत नव्हती अशा मजुराचें सबंध चरित्र अशा एका पानांत मिळतें. श्रीमंत शेतकऱ्याविषयीं इतकें क्वचितच सांपडतें, कारण त्याला हीं प्रश्नोत्तरें कोणीं केलीं नाहींत.

ह्याच कायद्याची दुसरी बाजू फार क्रूर होती. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला जन्म जेथें होईल तेथला हक्क मिळे. म्हणून दिवस भरत आलेल्या निराधार मुलीला गांवचे कारभारी शिवेपलीकडे पोंचवीत, कीं बाळ दुसऱ्याच्या हद्दींत जन्मावें. बापाचा तपास लागल्यास पोषणाची हमी म्हणून त्याच्याकडून लेखी रोखा घेत. ते रोखेही पेटींत आहेत, आणि कित्येक मुलांच्या बापाचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत न मिळतां त्यांतच मिळतें. वहींत अशा मुलापुढें कधीं ‘फिलियुस पोपुली’, म्हणजे ‘लोकांचा पुत्र’, असें लिहिलेलें असतें. कोणी धर्मोपदेशक ते दोन शब्द दयेनें लिहीत असेल, कोणी उपहासानें; आज अक्षरांवरून तें कळत नाहीं.

वंशाचा शोध करणाऱ्या घरांत खरा प्रसंग येतो तो ह्या नोंदीपाशीं. मागच्या पिढ्यांत कित्येक इंग्रज कुटुंबांनीं ती ओळ पाहून वही मिटली, किंवा वंशावळींत त्या जागीं जवळच्या दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित घराण्याची फांदी आणून जोडली. आपल्या कुलवृत्तान्तांतून परागंदा झालेला चुलता, बाटलेला भाऊ, किंवा जिचें नांवही घेऊं नये अशी ठरलेली आत्या किती वेळां गाळली गेली असेल, ह्याचा विचार सुज्ञांनीं आपल्याशींच करावा. छांदोग्योपनिषदांतील सत्यकामाला त्याच्या आईनें सांगितलें कीं, तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. त्यानें तेंच जसेंच्या तसें गुरूला सांगितलें, आणि गौतमानें त्याला जवळ केलें. ती कथा शाळेंत आम्ही मोठ्या गौरवानें शिकवीत असूं. कुलवृत्तान्त छापण्याची वेळ आली म्हणजे मात्र तिची आठवण कोणालाच होत नाहीं.

अमुक घराण्यापुरता विचार सोडला तरी ह्या वह्यांचा उपयोग थोर आहे. रिग्ली व स्कोफील्ड ह्या विद्वानांनीं ४०४ पॅरिशींच्या नोंदींवरून १५४१ पासून १८७१ पर्यंतचा इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ त प्रसिद्ध केला. गांवोगांवच्या शेंकडों हौशी लोकांनीं नोंदी मोजून दिल्यामुळेंच तें काम झालें. सतराव्या शतकांतील इंग्रज मुलगी सरासरीनें पंचविशीच्या पुढें लग्न करी, हें आश्चर्य अशाच शोधांतून उघडकीस आलें. एरवीं जुन्या काळीं सर्वत्र बालविवाहच होत असत असें आपण धरून चाललों असतों.

१९७८ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरच्या वह्या, चर्चमध्यें त्यांची नीट व्यवस्था नसेल तर, परगण्याच्या दफ्तरखान्यांत ठेवाव्या लागतात. तेथेंही त्यांना निर्धास्त झोप मिळतेच असें नाहीं. १ ऑगस्ट १९९४ रोजीं नॉरिचच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली. नॉर्फकचें दफ्तर त्याच इमारतीच्या तळघरांत होतें. आग विझविण्याच्या पाण्यानें कागद भिजले, पण सुदैवानें ते वांचले, आणि पुढें त्यांच्यासाठीं स्वतंत्र इमारत झाली. आतां पुष्कळशा वह्यांचीं छायाचित्रें इंटरनेटवर घरबसल्या पाहतां येतात, आणि त्यांच्या सूच्याही तयार आहेत. सूची करणारा मनुष्य परका असेल तर तो ‘लिंकॉर्न’ला भलत्याच अक्षराखालीं घालील, म्हणून सूचींत नांव नाहीं म्हणजे वहींत नाहीं असें धरूं नये, आणि सूचींत आहे म्हणून मूळ पान पाहिल्यावांचून राहूं नये.

ह्या वह्यांचा एक फांटा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. मुंबई इलाख्यांतील चर्चांतून होणाऱ्या बाप्तिस्म्यांच्या, विवाहांच्या व दफनांच्या नकला कंपनीच्या काळापासून लंडनला जात. त्या आज तेथील ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत. हिंगमसारख्या एखाद्या खेड्याच्या वहींत ज्याचा बाप्तिस्मा आहे पण दफन नाहीं, असा शिपाई कधीं कधीं पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीच्या यादींत सांपडतो. तेथें त्याचें वय व त्याची पलटण लिहिलेली असते. आणि मृत्यूची व दफनाची तारीख बहुधा एकच, नाहीं तर लागोपाठची असते, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यांत थांबण्यास सवड नसे.